कयाकवर एका झटक्यात सुटणारा नांगर कसा बसवायचा

पानशेत, पवना किंवा उजनीच्या पाण्यात कयाकवरून गळ टाकायला लागलेल्या माणसाला पहिला वैताग येतो तो वाऱ्याचा. मासा लागण्यासारखी जागा सापडते, पण आमिष लावून गळ टाकेपर्यंत कयाक तिथून पंचवीस हात पुढे गेलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, एक नांगर घे की!’ नांगर येतो, दोरी सीटशेजारच्या हँडलला गाठ मारून बांधली जाते, कयाक थांबते आणि काम झालं असं वाटतं.

नांगर टाकणं कुणालाही जमतं. पण रॉड वाकलेला आहे, शेजारून स्पीडबोट गेली आणि तिची लाट येतेय, दोरी ताणून तारेसारखी झालीय, अशा वेळी ओल्या नायलॉनची गाठ बोटांनी सुटत नाही. म्हणून इथे सगळी जुळणी उलट्या क्रमानं सांगतो. सुटायची सोय आधी, थांबायची नंतर. एका हातानं, न बघता सुटता येत नसेल तर नांगर घरी ठेवलेला बरा, हे माझं ठाम मत आहे.

आधी तीन दोऱ्या ओळखा

या जुळणीत तीन वेगवेगळ्या दोऱ्या असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच कळणार नाही.

पहिली ट्रॉलीची दोरी. कयाकच्या एका बाजूला, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन छोट्या कप्प्यांमधून (पुलींमधून) फिरणारा हा बंद फेरा असतो. त्यात एक स्टीलची कडी अडकवलेली असते. बसल्या जागेवरून फेरा ओढला की कडी हवी तशी पुढे किंवा मागे जाते.

दुसरी नांगराची दोरी. ही पाण्यात जाते. एका टोकाला साखळी आणि नांगर, वरच्या टोकाला बोया, म्हणजे तरंगणारी खूण.

तिसरी सोडदोरी, म्हणजे साधारण ३ मीटरचा सुटा तुकडा. याचं एक टोक कॅराबिनरनं (स्प्रिंगच्या तोंडाच्या कडीनं) नांगराच्या दोरीला अडकतं. दुसरं टोक ट्रॉलीच्या कडीतून ओवून तुमच्या मांडीशेजारच्या क्लीटमध्ये, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या खाचेत, दाबून बसतं. या दुसऱ्या टोकाला गाठ मारायची नाही. फासा नाही, मणी नाही, काही म्हणजे काही नाही. क्लीटमधून दोरी उचलली की ते मोकळं टोक कडीतून सुळकन निघून जातं. नांगर आणि बोया जागेवर राहतात, कयाक मोकळी होते.

ट्रॉलीची भानगड कशाला, थेट सीटजवळच का बांधू नये? कयाक अरुंद असते. नांगराचा ताण मधोमध, बाजूनं आला की ती प्रवाहाला किंवा लाटेला आडवी होते. पाणी तिला एका दिशेनं ढकलतं, दोरी ज्या कडेला बांधलीय ती कड खाली खेचते. वाहत्या पाण्यात उलटायला एवढं पुरतं. ताण टोकावर आला तर कयाक वातकुक्कुटासारखी फिरून वाऱ्याच्या दिशेत सरळ उभी राहते. पण त्या टोकापर्यंत बसल्या जागेवरून हात पोचत नाही, आणि ते काम ट्रॉली करते.

सामान

यातलं बरंचसं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. कॅराबिनर मात्र ट्रेकिंगच्या दुकानातून घ्या. किल्लीच्या जुडग्याला लावतात तसले शोभेचे कॅराबिनर चालत नाहीत.

दोरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे लोक इथेच फसतात. बाजारात ‘नायलॉन’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या दोऱ्या मिळतात: खरं नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं आणि उन्हानं लवकर ठिसूळ होतं. नांगराची दोरी तरंगायला लागली तर नांगराचा दांडा वर उचलला जातो, शिवाय ती सैल असताना मोटरबोटीच्या पंख्यात सापडू शकते. खात्री करायची असेल तर घरी बादलीत हातभर तुकडा बुडवून, चोळून आतली हवा काढा आणि सोडा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, वर आला तर परत करा. नांगरासाठी ६ मिमी जाडीचं विणीचं नायलॉन घ्या. ते थोडं ताणलं जातं आणि लाटेचे धक्के पचवतं. ताकदीचा विचार केला तर त्याहून बारीक दोरीही कयाकला पुरते, पण बारीक दोरी ओल्या तळव्याला कापते. ट्रॉलीसाठी मात्र फारसं न ताणलं जाणारं पॉलिएस्टर हवं, ४ ते ५ मिमी. सोडदोरीसाठीही ६ मिमी पॉलिएस्टर बरं.

बाकीचं सामान: दोन छोट्या कप्प्या, आत २५ ते ३० मिमी मोकळी जागा असलेली स्टेनलेसची जोड न दिसणारी गुळगुळीत कडी, दोन झिगझॅग क्लीट, तीन-चार पॅड आय (दोरी ओवायला बोल्टनं बसवायच्या छोट्या कड्या), ५ मिमीची इलॅस्टिक दोरी हातभर, आणि नट-बोल्ट किंवा रिवेट. फक्त धरणावर जाणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरे. अलिबाग-मुरुडकडे खाऱ्या पाण्यात न्यायचा बेत असेल तर ३१६ घ्या, नाहीतर पहिल्याच मोसमात तांबूस डाग पडायला लागतात.

कॅम क्लीट, म्हणजे स्प्रिंगच्या दोन दातेरी गालांमध्ये दोरी धरणारं, दिसायला रुबाबदार असतं. पण ते एकाच दिशेचा ताण धरतं. नांगर आज मागून आणि उद्या पुढून लावायचा तर झिगझॅग सोयीचं. दोरी त्याच्या वळणात दाबायची आणि सोडताना वर उचलायची.

ट्रॉली बसवणं

ही पद्धत वर बसायच्या, कडक प्लास्टिकच्या कयाकची आहे. हवेच्या कयाकला अर्थातच भोक पाडायचं नाही. तिच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना कप्प्या बांधा, आणि टोकदार काट्यांचा नांगर न वापरता दगडांची गोणी वापरा. त्याबद्दल पुढे येतं.

ड्रिल हातात घेण्याआधी कयाकवर बसा. जमिनीवरच, लाइफ जॅकेट घालून, नेहमी जसे बसता तसे. डोळे मिटा आणि जो हात रॉड धरत नाही तो सहज बाजूला सोडा. बोटं जिथे टेकतात तिथे चिकटपट्टी लावून खूण करा. सोडदोरीचं क्लीट तिथे जाणार. ही जागा मापानं ठरवू नका. व्हिडिओतल्या माणसाचा हात तुमच्याएवढा लांब असेलच असं नाही. मग वल्हं घेऊन दहा-बारा वेळा हवेत मारा. बोटांची पेरं खुणेला घासत असतील तर क्लीट थोडं मागे, आतल्या बाजूला न्या.

आता दोन्ही टोकं. बहुतेक कयाकना पुढे-मागे उचलायची हँडल असतात. पुढची कप्पी थेट पुढच्या हँडलला दोरीनं बांधा. मागची कप्पी मागच्या हँडलला इलॅस्टिकच्या दुहेरी तुकड्यानं बांधा, म्हणजे फेरा नेहमी ताणलेला राहतो आणि दोरी लोंबत नाही. इलॅस्टिक कधीतरी तुटणारच, म्हणून त्याच्या जोडीला थोडी सैल अशी साधी दोरीही बांधून ठेवा. एवढ्यात दोन्ही टोकांचं काम एकही भोक न पाडता झालं. टोकाच्या आत हात जात नाही, नट धरायला कुणी नसतं, त्यामुळे हे फार मोठं काम वाचतं.

मध्ये मात्र भोकं लागतात. पॅड आय धरून खुणा करा. सीटच्या थोडं पुढे एक, थोडं मागे एक. त्यांच्यातून ट्रॉलीची दोरी कयाकच्या अंगाला चिकटून जाते. फेऱ्याचा कुठला तरी एकच पदर त्यांच्यातून ओवायचा, कडी असलेला पदर बाहेर मोकळा ठेवायचा. नाहीतर कडी पहिल्याच पॅड आयला अडकून बसेल. जिथे हॅचमधून (झाकणाच्या तोंडातून) आत हात पोचतो तिथे एम ५ चे बोल्ट, मागून मोठा वॉशर आणि नायलॉनची रिंग असलेला लॉकनट. हात पोचत नाही तिथे आत गेल्यावर तीन पाकळ्या उघडणारे रिवेट. साधे ॲल्युमिनियमचे पॉप रिवेट नरम प्लास्टिकमधून कालांतरानं निसटतात.

ड्रिल हळू चालवा. जोरात फिरवलं तर प्लास्टिक वितळून भोकाला ओठ येतो. खिडक्यांना भरतात तसलं सिलिकॉन पॉलिथीनला नीट चिकटत नाही, वर्षभरात सोलून निघतं. ब्यूटिलची चिकट पट्टी भोकाभोवती लावून वरून फिटिंग दाबा आणि बोल्ट आवळा. आवळताना प्लास्टिक खाली दबायला लागलं की थांबा.

फेऱ्याची दोरी कयाकच्या लांबीच्या दुप्पट आणि वर मीटरभर लागते. ३.३ मीटरच्या, म्हणजे साधारण ११ फुटी कयाकला साडेसात मीटर पुरते. दोरी दोन्ही कप्प्यांमधून ओवा आणि दोन्ही टोकं कडीलाच बांधा. एकेक बोलाइन (न आवळणाऱ्या फाशाची) गाठ, मागे दीड-दोन इंच शेपूट ठेवून. दोरीची कापलेली टोकं लायटरनं वितळवा.

दोन्ही झिगझॅग क्लीट शेजारी-शेजारी बसवा. एक ट्रॉलीच्या फेऱ्यासाठी, एक सोडदोरीसाठी. ट्रॉलीला वेगळं क्लीट लागतंच. कयाक डोलताना सोडदोरीचा ताण कडीला पुन्हा तुमच्याकडे ओढत असतो, आणि फेरा अडकवला नसेल तर कडी सरकत सरकत नेमकी मधोमध येते. सोडदोरीच्या क्लीटवर लाल किंवा नारिंगी रंगाचा पट्टा चिकटवा. गडबडीत हात चुकीच्या दोरीवर जायला नको.

नांगर आणि त्याची साखळी

कयाकसाठी चार काट्यांचा घडीचा नांगर सगळ्यात सहज मिळतो. १.५ किलोचा घ्या. त्याला दोन-तीन फूट साखळी लावा. साखळीच्या वजनानं दांडा तळावर आडवा पडतो आणि काटे रुततात. साखळी नसेल तर तोच नांगर तळावरून नुसता फरफटत येतो.

साखळी कुठे लावायची हे मात्र नीट वाचा. नांगराच्या वरच्या कडीला लावायची नाही. काटे जिथे एकत्र येतात त्या बुडाशी बहुतेक नांगरांना भोक असतं. साखळी शॅकलनं (पिनेच्या यू आकाराच्या कडीनं) तिथे लावा, मग दांड्यालगत वर आणा आणि वरच्या कडीला एका बारीक प्लास्टिक केबल-टायनं बांधा, अडीच मिमी रुंदीच्या. ती साधारण ८ किलोच्या ओढीला तुटते. एरवी नांगर वरच्या टोकानं ओढला जातो, म्हणजे नीट धरतो. काटा खोडात अडकला तर जोर लावला की टाय तुटते, ओढ बुडाशी जाते आणि नांगर उलट्या तोंडानं बाहेर येतो. वाऱ्यातच टाय तुटायला लागली तर दोन लावा. रुंद टाय लावाल तर अडकल्यावर ती तुटणारच नाही.

सह्याद्रीच्या बाजूच्या धरणांत याशिवाय नांगर टाकणं म्हणजे नांगर दान करणं. तळाशी काळा पाषाण, बुडालेली झाडं, जुने बांध आणि घरांची जोती आहेत. पवनेत वाघेश्वराचं देऊळ, उजनीत पळसदेवचं, पाणी उतरलं की वर येतात. त्यांच्या आसपास न दिसणारं काय काय असेल याचा अंदाज करा. याला एक फुकटचा उपाय आहे. मे महिन्यात कयाक न घेता जा. पाणी उतरलेलं असतं, ऑक्टोबरमध्ये जिथे तुम्ही गळ टाकणार तो तळ पायाखाली चालता येतो. खोडं, दगडी बांध, चिखलाचे पट्टे मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. हजारो रुपयांच्या फिशफाइंडरपेक्षा ही फेरी मला जास्त उपयोगी वाटते.

दोरीवर खुणाही आत्ताच करून घ्या. नांगरापासून १० मीटरवर एक, आणि तिथून पुढे दर ५ मीटरवर एक एट नॉटचा (इंग्रजी 8 आकाराच्या गाठीचा) छोटा फासा. सोडदोरीचा कॅराबिनर यांपैकी सोयीच्या फाशात अडकतो. उरलेली दोरी एच आकारात कापलेल्या जाड फोमच्या पाटीवर, पतंगाच्या आसारीवर मांजा गुंडाळतात तशी गुंडाळा. दोरीचं शेवटचं टोक पाटीच्या भोकात पक्कं बांधा आणि पाटीवर दोन-तीन वेढ्यांचा इलॅस्टिकचा पट्टा चढवा, म्हणजे दोरी आपोआप उलगडत नाही. हीच पाटी तुमचा बोया. एकूण दोरी ३० मीटर. पाटी नारिंगी रंगवा, त्यावर नाव आणि मोबाइल नंबर लिहा. थर्मोकोल वापरू नका. तो चुरतो आणि त्याचे दाणे धरणभर पसरतात.

पाण्याआधी पार्किंग

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कयाक ठेवा आणि नांगराच्या दोरीचं टोक खांबाला बांधा. येणारे-जाणारे काका चौकशी करणार, ‘इथे कुठे समुद्र आलाय?’ त्यांनाच कामाला लावा. तुम्ही कयाकमध्ये बसा, कडी मागच्या टोकाला न्या, सोडदोरी क्लीटमध्ये बसवा आणि काकांना खांबाकडची दोरी जोर लावून ओढायला सांगा. आता समोर बघत, एका हातानं सोडदोरी वर उचला आणि सोडून द्या.

टोक कडीतून अडखळत गेलं तर कारण शोधा. बहुतेक वेळा लायटरनं वितळवताना टोकाला गोळा आलेला असतो. तो गरम असतानाच ओल्या फडक्यात धरून निमुळता करायचा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे उरलेली सोडदोरी बुटाभोवती, रॉड होल्डरभोवती किंवा टॅकल बॉक्सच्या कानाला गुंतलेली असते. म्हणून क्लीटच्या मागे वीतभरापेक्षा जास्त शेपूट ठेवू नका. नांगर मागून असो की पुढून, तेवढंच उरेल अशी दोरी कापून घ्या.

दुसऱ्या हातानंही करून बघा. मग डोळे मिटून. हे जमलं की धरणावर, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठावर सोबती उभा असताना पुन्हा.

पाण्यात टाकताना

नांगर कुठे टाकायचा ते ठरलं की वारा जिकडून येतो तिकडे त्या जागेच्या पुढे जा. दोरी जेवढी सोडणार, जवळपास तेवढं पुढे. कारण नांगर टाकल्यावर तुम्ही मागे वाहत येणार आहात.

दोरी किती सोडायची? खोलीच्या तिप्पट हे अगदी कमीत कमी, शांत पाण्यापुरतं. तेव्हा दोरी तळाशी जवळजवळ २० अंशांचा कोन करते. पाचपट सोडली तर तोच कोन ११-१२ अंशांवर येतो, सातपटीला ८. कोन जितका कमी तितका नांगर आडवा ओढला जातो आणि रुततो. ४ मीटर पाण्यात २० मीटर दोरी हे चांगलं माप. यावरून पुढचा हिशेब उघड आहे: ३० मीटर दोरीत ६ मीटरच्या पुढच्या पाण्यात वारा असताना भरवसा धरू नका. पानशेत-वरसगावला काठापासून थोडं आत गेलं की तळ झपकन खाली जातो. तिथे नांगराचा हट्ट सोडा आणि वाहत वाहत गळ टाका.

टाकण्याची रीत अशी. कडी ओढून आपल्याजवळ आणा. सोडदोरीचं मोकळं टोक कडीतून बाहेरून आत ओवा आणि ते मांडीखाली दाबा. पाटीवरून लागेल तेवढी दोरी उलगडा, इलॅस्टिक पुन्हा चढवा, योग्य फाशात कॅराबिनर अडकवा. आता नांगर हातानं हळू खाली सोडा. भिरकावू नका, काट्यांत स्वतःचीच साखळी गुंतते. तळ लागल्याचं बोटांना कळतं. चिखलात दोरी नुसती सैल पडते, दगडावर खट्कन आवाजासारखा धक्का येतो. दोरी सोडत मागे वाहा. पाटी पाण्यात टाका. मग ट्रॉली ओढून कडी टोकाला न्या, फेरा त्याच्या क्लीटमध्ये अडकवा आणि शेवटी सोडदोरी तिच्या क्लीटमध्ये. पाटी कडीच्या बाहेर हातभर अंतरावर तरंगताना दिसली पाहिजे.

पुढचं टोक की मागचं? कमी वाऱ्यात मागून नांगरलं की वारा पाठीवर आणि तोंड वारा जातो तिकडे राहतं आणि गळ वाऱ्याबरोबर लांब जातो. पण बऱ्याच कयाकचं मागचं टोक बुटकं असतं. लाटा मागच्या खणात शिरायला लागल्या तर लगेच कडी पुढच्या टोकाला न्या. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की मात्र टोक कुठलंही असो, नांगर सोडा आणि काठ गाठा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, आणि वळिवाचे ढग जमायला लागले तर विजेआधी पाण्याबाहेर पडायचं असतं.

कधी सोडायचं

मोठा कटला लागला आणि नांगराच्या दोरीकडे धावला, तर लगेच सोडा. दोरीभोवती वळसा बसला की मासा गेला आणि वर गुंता. सोडून दिलं की मासा कयाकला ओढत नेतो, त्यानंच तो लवकर दमतो. स्पीडबोट जवळून गेली तर लाट पोचायच्या आधी सोडा आणि कयाकचं तोंड लाटेकडे करा. स्थानिक मच्छीमार जाळं ओढत तुमच्याकडे येत असेल तरीही सोडा आणि बाजूला व्हा. ‘काय दादा, जाळं कुठवर आहे?’ असं सकाळीच विचारून ठेवलं तर ही वेळ येत नाही.

बोया राहतोय तिथेच, नंतर येऊन उचलता येतो. परत येताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून बोयाजवळ या. वारा पाठीवर घेऊन आलात तर कयाक त्याच्यावरून पुढे निघून जाते. पाटी उचला, सोडदोरी पुन्हा कडीतून ओवा, क्लीटमध्ये बसवा.

लाइफ जॅकेटला चाकू हवाच, दातेरी पात्याचा, एका हातानं म्यानातून निघणारा. सोडदोरी ही पहिली सोय, चाकू दुसरी.

नांगर अडकला तर

कयाकच्या कडेवर वाकून दोरी खेचू नका. शांत पाण्यातही असं उलटायला होतं. दोरी गोळा करत नांगराच्या बरोबर वर या आणि सरळ वर उचलून बघा. नाही आला तर कडी टोकाला न्या, दोरी आखूड करून अडकवा आणि आलात त्याच्या उलट दिशेला वल्हं मारा. कयाकच्या धक्क्यानं टाय तुटते आणि नांगर बुडाकडून सुटतो. वाहत्या पाण्यात हा प्रयोग करू नका. तिथे दोरी सोडा, नाहीतर कापा. दीड किलोच्या नांगरासाठी जीव टांगणीला लावायचं कारण नाही.

जिथे हा नांगर नकोच

भिगवणकडच्या उजनीच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी पाणी उथळ आणि तळाला गाळ. काटेरी नांगर तिथे गाळ घेऊन नुसता सरकतो. त्यापेक्षा दोन-अडीच मीटरचा, एका टोकाला तासलेला बांबू तळात खोचा आणि सोडदोरी त्यालाच अडकवा. सोडायची रीत तीच. पक्ष्यांच्या थव्यांपासून लांब राहा. तिथे हिवाळ्यात लोक रोहित बघायला येतात, तुमची कयाक बघायला नाही.

खडकाळ, शांत पाण्यात गोणपाटाची छोटी पिशवी काठावरच्या दगडांनी भरून वापरा. ती केवळ वजनावर धरते, वाऱ्यात नाही, पण कपारीत अडकत नाही आणि घरून वजन वाहून आणावं लागत नाही.

नदीत आणि धरणाच्या दरवाज्यांखाली नांगर टाकूच नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या पाण्यात नांगरलेली कयाक खाली खेचली जाते. खडकवासल्याच्या जलाशयाला एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्दही लागते, तिकडे फिरकू नका. बाकी कुठेही जलसंपदा विभागाची परवानगी लागते का आणि मासेमारीचा ठेका कुठल्या मच्छीमार संस्थेकडे आहे, हे गावात विचारूनच कयाक पाण्यात घाला. मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे, तिथे नियम वेगळे.

घरी आल्यावर नांगराचा चिखल धुवा, दोरी सावलीत वाळवा, काट्यांची सरकती कॉलर मोकळी फिरतेय का बघा. ट्रॉलीचं इलॅस्टिक दर मोसमाला बदला. उन्हानं ते आधी सैल होतं, मग अचानक तुटतं. आणि तुटलेली केबल-टाय बदलायला विसरू नका. टायचं पाकीट लाइफ जॅकेटच्या खिशातच ठेवलेलं बरं, कारण ती तुटल्याचं पाण्यातच कळतं.